दार एस सलाम: तिकिटावर 'सकाळचे १२', म्हणजे नक्की किती वाजता?

भटकी_पावलं:
टांझानियात दार एस सलामहून मोशीला जाणाऱ्या बसचं तिकीट हाताने लिहिलेलं आहे. त्यावर 'साआ १२ असुबुही' असं आहे आणि अर्धा तास आधी, ११:३० ला, हजर राहायला सांगितलंय. असुबुही म्हणजे सकाळ ना? मग सकाळचे बारा कुठले? शिवाय दलादलातून (शहरातल्या मिनीबसमधून) कसं फिरायचं आणि घरातला विजेचा मीटर आकडे मागतोय त्याचं काय, तेही सांगा.

किनारपट्टी:
बस पहाटे सहाला सुटेल. साडेपाचला स्टँडवर हवं. दुपारी बाराला पोचलात तर तिकीट वाया गेलं म्हणून समजा.

स्वाहिलीत, म्हणजे इथल्या भाषेत, तास ('साआ') सूर्योदयापासून मोजतात. विषुववृत्त जवळ असल्यामुळे सूर्य वर्षभर सहाच्या आगेमागेच उगवतो, त्याच सुमारास मावळतो. म्हणून सकाळचे सात म्हणजे 'साआ मोजा', पहिला तास. दुपारचे बारा म्हणजे 'साआ सिता', सहावा. बेरीज-वजाबाकी करत बसू नका. तासकाटा ज्या आकड्यावर आहे त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचा. काटा आठावर, समोर दोन: 'साआ म्बिली'. मिनिटं बदलत नाहीत.

फोनवर आणि विमानाच्या तिकिटावर नेहमीचीच वेळ असते. चुकामूक होते ती बोलण्यात आणि हाताने लिहिलेल्या कागदावर. इंग्रजीत बोलणारा माणूससुद्धा मनातली स्वाहिली वेळच सांगून जातो. 'रात्री दोनला जेवायला या' म्हणजे आठला या! म्हणून असुबुही, म्चाना (दुपार), जिओनी (संध्याकाळ) की उसिकु (रात्र), हे विचारल्याशिवाय वेळ पक्की धरू नका.

लांब पल्ल्याच्या बस म्बेझी लुइसच्या मागुफुली स्टँडवरून सुटतात. तो शहराच्या मध्यापासून बराच लांब आहे, तेव्हा पहाटेची बजाजी किंवा टॅक्सी आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. (बजाजी म्हणजे आपली रिक्षाच.)

चौथी_सीट:
दलादलावर दोन्ही टोकांच्या थांब्यांची नावं रंगवलेली असतात, ती वाचून चढा. कोंडा, म्हणजे कंडक्टर, मुठीतली नाणी खुळखुळवत आला की नौली (भाडं) द्यायची वेळ झाली. १०,००० शिलिंगची नोट पुढे केलीत तर सुट्ट्यांसाठी खोळंबा होतो. ५०० ची नाणी आणि १,००० च्या नोटा जवळ ठेवा. उतरायचं असेल तर थांबा येण्याआधीच मोठ्याने 'शुशा!' म्हणा.

आणि कुणालाही थेट प्रश्न विचारू नका, आधी विचारपूस करा. हे खरंच महत्त्वाचं आहे, नाहीतर माणूस उद्धट वाटतो. वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणायचं, ते 'माराहाबा' म्हणतात. बरोबरीच्यांना 'माम्बो', त्याचं उत्तर 'पोआ'. बाकी दुका, गारी, चपाती हे शब्द तुम्हाला ऐकताक्षणी कळतील.

मीटरवाचक:
तो लुकु मीटर आहे, आधी पैसे भरायचे आणि मग वीज वापरायची. मोबाइल मनीतून मीटरचा नंबर टाकून पैसे भरा, २० आकड्यांचं टोकन मेसेजने येतं. ते मीटरच्या बटणांवर चार-चार आकडे वाचत टाका आणि शेवटी एंटर दाबा. नाकारलं तर बहुतेक वेळा एखादा आकडा चुकलेला असतो. टोकन फक्त त्याच नंबरच्या मीटरवर चालतं. एका इमारतीत मीटर शेजारी-शेजारी असतात, म्हणून नंबर घरमालकाच्या तोंडून न घेता मीटरवरूनच उतरवून घ्या. युनिट जमा होईपर्यंत मेसेज पुसू नका.

बाजारात कापडी पिशवी न्या. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर १ जून २०१९ पासून बंदी आहे.