भाऊ एमडी घेतो; त्याचा लाल डोळा फवारणीमुळेच असेल का?

पांदणवाट: आर्वी तालुक्यातील आमच्या गावातून माझा ३६ वर्षांचा धाकटा भाऊ रात्री-अपरात्री संत्र्याची गाडी घेऊन नागपूरला जातो आणि जागरण निभावे म्हणून वर्षभरापासून 'एमडी' ही नशेची पावडर नाकावाटे घेतो, हे मला मागच्या आठवड्यातच कळले. आज सायंकाळपासून त्याचा उजवा डोळा लाल होऊन ठणकतो आहे, दिव्याभोवती रंगीत वर्तुळे दिसतात आणि दोनदा उलटीही झाली. फवारणीचे औषध उडाले, असे तो म्हणतो. मेडिकलमधून थेंब आणून सकाळपर्यंत थांबावे का?

दृष्टिपटल (नेत्रचिकित्सक): थांबू नका. औषध उडाल्याची शंका असल्यामुळे डोळा स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा आणि लगेच निघा. फवारणीतील ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गाच्या विषाने बाहुली सहसा बारीक होते. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, हे अॅम्फेटामिन या उत्तेजक अमली पदार्थाच्या जातकुळीतले असल्याने ती मोठी होते. ज्यांच्या डोळ्यातील द्रव वाहून जाण्याचा कोन मुळातच अरुंद असतो, त्यांच्यात बाहुली अशी विस्फारली की तो मार्ग बंद होऊन दाब एकाएकी चढू शकतो. तुम्ही सांगितलेली लक्षणे अशा काचबिंदूची असू शकतात, आणि त्यात दृष्टीची नस थोड्या वेळात कायमची निकामी होऊ शकते. बाहुलीवरून घरी निदान मात्र करत बसू नका. सेवाग्राम किंवा नागपूरचे शासकीय रुग्णालय गाठा, आणि पावडर शेवटची केव्हा घेतली हे सांगा.

जुनी_वाट: मी स्वतः यातून बाहेर पडलो आहे. नशेत पापणी कमी लवते, डोळा कोरडा पडतो; मला बुबुळावर जखम झाली होती आणि मी दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून ती चिघळवली. गाडी त्याच्या हाती देऊ नका.

पांदणवाट: डॉक्टरांना सांगितले तर पोलीस केस होईल, या भीतीने तो गप्प आहे.

दृष्टिपटल: डॉक्टरांना हवी असते ती उपचारासाठीची माहिती. शिवाय १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४अ हे स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण देते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा क्रमांक आहे, पण तो उद्या लावा, आधी डोळा.

पांदणवाट: शेजाऱ्यांच्या गाडीने सेवाग्रामला निघालो आहोत. शेवटची पावडर काल पहाटे घेतली, असे त्याने आत्ताच सांगितले.