पर्यटक व्हिसावर जाऊन इंग्रजी शिकवण्याचा सल्ला कितपत जबाबदार?

फळा-खडू : परदेशात इंग्रजी शिकवायला जायचे असेल तर व्हिसाची चिंता सर्वांत शेवटी करावी, असे 'मुसाफिर' यांनी परवा लिहिले. त्यांच्या मते इंग्रजी अध्यापनाचा 120 तासांचा ऑनलाइन अभ्यासक्रम उरकावा, पर्यटक म्हणून उतरावे आणि शाळांचे उंबरे झिजवावेत. पुढचे कागद शाळाच पाहून घेते. त्याखाली आभार मानणाऱ्यांची रांग पाहिली नसती, तर मी गप्प बसलो असतो.

पर्यटक व्हिसावर पगारासाठी घेतलेला पहिला तासदेखील बेकायदा असतो, मग शाळा त्याला 'चाचणी तास' म्हणो किंवा 'ओळख'. तपासणी आली तर शाळेचे दंडावर भागू शकते. शिक्षकाला मात्र देश सोडावा लागतो आणि पुढे अन्य कोठेही अर्ज करताना 'पूर्वी कधी देशाबाहेर काढण्यात आले होते काय' या रकान्यापाशी त्याचा हात थबकतो. शिवाय काही देशांत प्रमाणपत्राआधी पारपत्र पाहिले जाते. दक्षिण कोरियाचा परभाषा शिकवणाऱ्यांसाठीचा ई-2 व्हिसा सर्वसाधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या 7 देशांच्या नागरिकांनाच मिळतो. भारतीयांसाठी 2010 पासून लागू असलेल्या भारत-कोरिया व्यापार करारामुळे एक फट उघडली आहे, परंतु तीही अध्यापनाचा परवाना असलेल्यांपुरतीच. तेथे विमानतळावर उतरून शाळांचे उंबरे झिजवणाऱ्याचे काय होणार?

मुसाफिर : आपण कोरियाचे उदाहरण घेतलेत, मी थायलंडबद्दल लिहीत होतो. मी घरी बसून 60 अर्ज पाठवले होते आणि त्यांपैकी 2 शाळांनी उत्तर दिले, तेही नकाराचे. प्रत्यक्ष गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात नोकरी मिळाली. शाळेने पत्रे दिली, मी शेजारच्या देशातील वकिलातीतून नॉन-बी, म्हणजे नोकरीसाठीचा, व्हिसा घेऊन आलो, मग कामाचा परवाना झाला. पुढे 4 वर्षे शिकवले. आपण नियम वाचले आहेत, मी ते जगलो आहे.

तिरकस : जगलात, हे मान्य. परंतु नोकरी मिळाल्यापासून परवाना हातात पडेपर्यंत आपण वर्गाबाहेरच बसून होतात काय?

मुसाफिर : सर्वच जण शिकवत असत.

तिरकस : उत्तर मिळाले, धन्यवाद.

फळा-खडू : एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागेल. थायलंडमध्ये पर्यटक म्हणून आलेल्या व्यक्तीला अटी पूर्ण केल्यास देशातच व्हिसाचा वर्ग बदलून घेता येतो, म्हणजे जाऊन नोकरी शोधणे हा गुन्हा नव्हे. परंतु व्हिसाचा वर्ग बदलला म्हणून परवान्याआधी घेतलेला तास कायदेशीर ठरत नाही. 'मुसाफिर' यांच्या लेखातून नेमके हेच वाक्य गळले होते.

अनुस्वार : आपण सर्व जण कागदांवर भांडत आहात, मला तर कागद पुरे असूनही दार बंद मिळाले. मी इंग्रजी साहित्यात एम. ए. आहे, अध्यापनाची पदवी आहे आणि 9 वर्षे इंग्रजी शिकवले आहे. जपानमधील शाळेत शिकवण्यासाठी जो निवासाचा दर्जा लागतो, त्यात परभाषा शिकवणाऱ्याने त्याच भाषेच्या माध्यमातून किमान 12 वर्षे शिक्षण घेतलेले असावे, अशी अट आहे. माझी पहिली 10 वर्षे मातृभाषेच्या माध्यमात गेली. ज्या मुलाने इंग्रजी माध्यमात बसून व्याकरणाचा एकही नियम समजून घेतला नाही तो पात्र, आणि जिने प्रत्येक नियम घाम गाळून मिळवला ती अपात्र!

कडक इस्त्री : मनाला लागेल, तरीही सांगतो. शाळेला व्याकरण समजावणारे शिक्षक स्थानिक पातळीवर मिळतातच. परदेशी माणूस आणतात तो उच्चारासाठी आणि सहज संभाषणासाठी, आणि ते माध्यमातूनच येते.

अनुस्वार : माझा उच्चार आपण कधी ऐकला? मातृभाषा म्हणून, दुसरी भाषा म्हणून आणि परभाषा म्हणून इंग्रजी वापरणारे देश अशी इंग्रजीची तीन वर्तुळे भाषावैज्ञानिक ब्रज काचरू यांनी 1985 मध्येच मांडली, टेसॉल या शिक्षकांच्या संघटनेने मातृभाषेवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध 2006 मध्ये निवेदन काढले, आणि आपण अजून इस्त्रीच फिरवत आहात.

कडक इस्त्री : निवेदनाने व्हिसा मिळत नाही. आणि माझ्या नावावर घसरण्याचे कारण समजले नाही.

अनुस्वार : कारण मुद्द्यावर घसरण्यासारखा मुद्दा आपण दिला नाहीत.

फळा-खडू : दोघांनीही थोडे सबुरीने घ्यावे. अनुस्वारताई, ती 12 वर्षांची अट शाळांसाठीच्या दर्जाची आहे. खासगी भाषावर्गांत शिकवणाऱ्यांसाठी वेगळा दर्जा असून तेथे पदवीवर अर्ज करता येतो आणि ही अट नाही.

अनुस्वार : ठाऊक आहे. मला शाळेत शिकवायचे होते. रात्री 9 वाजता थकून आलेल्या नोकरदारांना हवापाण्याच्या गप्पा शिकवण्यासाठी मी अध्यापनाची पदवी घेतली नव्हती. तरीही माहिती अचूक दिलीत, हे नोंदवते.

निमूट : व्हिसा मिळाल्यानंतरचे कोणीच बोलत नाही. माझा परवाना ज्या संस्थेच्या नावावर होता, तिने 2 महिने पगार थकवला. दुसरी शाळा घ्यायला तयार होती, पण पहिल्या संस्थेचे मुक्ततापत्र हवे होते आणि ते पत्र त्याच कपाटात होते ज्यात माझा पगार अडकला होता. शेवटी पगारावर पाणी सोडले तेव्हा पत्र मिळाले. पोलीस पडताळणीचा दाखला तोवर जुना झाला म्हणून नव्याने काढावा लागला, त्यावर पुन्हा ॲपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा, शिक्का आला. पदवीचा कागद टिकतो, दाखल्याला मात्र मुदत असते. म्हणून आधी पदवीच्या कागदावरील शिक्क्याचे काम उरकावे आणि दाखला शेवटी काढावा, एवढे तरी नवख्यांना कोणी सांगा.

मुसाफिर : हे मात्र मलाही त्या वेळी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. माझ्या लेखात बदल केला आहे. आता तेथे असे आहे : 'पर्यटक म्हणून जा, शाळा पाहा, करार हाती घ्या, परंतु परवाना मिळेपर्यंत खडूला हात लावू नका.' 'फळा-खडू' यांचे समाधान झाले असावे, अशी आशा आहे. तोवर पोटाला काय खायचे, हेही त्यांनीच लिहावे.

फळा-खडू : 3 महिन्यांचा खर्च गाठीशी नसेल तर विमानात बसू नये, हे वाक्यही जोडून घ्या. 'खडू' या शब्दाबद्दल मात्र आभार मानत नाही.