स्टेप टीमची बातमी: पायांचा आवाज फाटतोय

प्रश्न:
लेक मेरीलँडमध्ये दहावीत. शाळेच्या बातमीपत्रासाठी स्टेप टीमवर (पाय आपटून, टाळ्या वाजवून ठेका धरत नाचणारा संघ) 90 सेकंदांचा व्हिडिओ करतेय. काल जिममध्ये फोनवर शूट केलं. चित्र झकास, पण पाय आपटले की आवाज फाटतो, टाळ्या तर पत्रा बडवल्यासारख्या. वर माझा आगाऊपणा: "आपल्या लेझीमसारखंच, असं सांग ना." ती म्हणाली, "आई, यांच्या हातात काहीच नसतं गं!"

उत्तर 1:
लेकीचं बरोबर. इथे अंगच वाद्य. ही परंपरा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटी-सोरोरिटींमध्ये, म्हणजे मुलग्यांच्या आणि मुलींच्या कॉलेज-संघटनांमध्ये वाढली. त्यातली अल्फा फाय अल्फा 1906 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सुरू झाली. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणकामगारांच्या गमबूट नाचाशीही तिचं नातं सांगतात. हे निवेदनात कोंबू नका, टीमच्या कॅप्टनलाच विचारा. आणि लेझीम घरीच ठेवा!

उत्तर 2:
फोन आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करतो, ते बंद करता येणारं अ‍ॅप वापरा. आधी त्यांना सगळ्यात जोरात आपटायला सांगा, तेव्हा अ‍ॅपच्या मीटरवर पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा. मुलाखत जिममध्ये नको, घुमते. कॉरिडॉरच्या कोपऱ्यात घ्या. बुटांचे क्लोजअप भरपूर घ्या, कट लपवायला तेच कामी येतात. मागे गाणं टाकलंत तर मात्र सगळं मुसळ केरात. पायांचा ठेकाच ऐकवायचाय ना?

प्रश्नकर्ती:
गाणं टाकलं होतं. काढलं. गुरुवारी सरावाला पुन्हा जातोय, मी फक्त ट्रायपॉड धरणार.