'बिले देणे' याला मराठीत काय म्हणावं?

आल्प्सवारी:
मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'क्लासिक रूट : उन्हाळ्यातली चढाई' असा लेख लिहितेय. जुलैत फ्रेंच आल्प्समधल्या शामोनीला गाईड घेऊन एग्वी रूज रांगेतला 'लँदेक्स' चढले. शब्दशः तर्जनी, आणि दिसतोही आभाळाकडे रोखलेल्या बोटासारखा. उंची २५९५ मीटर. केबलकार आणि पुढे खुर्च्यांचा पाळणा इतकं वर आणून सोडतात की पायपीट थोडीच, मग आग्नेय धारेवरून दोर लावून चढायचं. लेखात वाक्य आहे : "गाईड वर पोचला, खडकाच्या शिंगाला पट्टा अडकवून बसला आणि मला बिले देऊ लागला." आईने वाचून फोन केला, "अगं, कड्यावर बसून कसली बिले देत होता? पैसे तूच भरलेस ना?"
बिले म्हणजे चढणारा घसरला तर पडू नये म्हणून दुसऱ्याने त्याचा दोर सांभाळणं. तर याला मराठी शब्द काय?

कातळवेडा:
वीस वर्षं सुळके चढतोय. आम्ही 'बिले'च म्हणतो. लीड, सेकंड, बिले, अँकर. सह्याद्रीतल्या बाण सुळक्यावर शब्दकोश उघडून कोणी बसत नाही.

जुनी वही:
तुम्ही बोलता ते ठीक, पण छापल्यावर ते बिलांचं अनेकवचनच दिसतं. त्यांच्या आईचा प्रश्न रास्त आहे. 'सुरक्षादोर देणे' म्हणा.

कातळवेडा:
खालचा निसटतोय आणि मी ओरडू, "सुरक्षादोर द्या हो"? तोवर तो पायथ्याशी.

खारी हवा:
मुळात 'बिले' हा इंग्रजी खलाशांचा शब्द. दोर खुंट्याला वेढे देऊन पक्का करायचा, तो. म्हणजे गिर्यारोहकांनी दर्यावर्द्यांकडून उसना घेतलाय. आपणही आपल्या खलाशांकडे मागावा. आमच्याकडे होडी लावताना नुसतं 'दोर धर' म्हणतात. आजोबा विहिरीत गाळ काढायला माणूस उतरवायचे तेव्हाही वरच्याला हेच सांगायचे, "दोर धर, गप्पा मारू नको." काम तेच की!

आल्प्सवारी:
'दोर धरणे' आवडलं. गाईड फ्रेंच होता, तो 'आस्युरे' म्हणायचा. आश्वस्त करणे, शिवाय विमा उतरवणे, असे दोन्ही अर्थ.

खडूस काका:
म्हणजे फ्रान्समध्ये विमा, आपल्याकडे बिलं. एकूण खर्चिक छंद.

जुनी वही:
'गाईड' तरी कशाला? 'वाटाड्या' हा अस्सल शब्द आहे.

कातळवेडा:
वाटाड्या म्हणजे गावातला दादा, काठी घेऊन पुढे चालतो, दुपारी त्याच्याच घरी पिठलं-भाकरी. दोर बांधून ज्याच्यावर जीव टाकायचा तो वेगळा. शामोनीतल्या गाईडांची संघटना १८२१ची आहे. आदल्या वर्षी मों ब्लांवर हिमप्रपातात तीन गाईड गेले, त्यानंतर ती उभी राहिली. पूर्वी तिथे पाळी लावलेली असायची, ज्याची पाळी तो तुमच्याबरोबर.

खडूस काका:
आणि आमच्या पिढीला गाईड म्हणजे दहावीचं. त्याच्यावरही जीव टाकलाच होता.

आल्प्सवारी:
दोन ओरडी मात्र पाठ झाली. 'सेक' म्हणजे ताण, 'मू' म्हणजे सैल. चौथ्या टप्प्यात पाय थरथरायला लागले तेव्हा मी घाबरून "ढील दे, ढील दे" ओरडले. नशीब, त्याला मराठी येत नव्हतं. हवी होती खेच!

खारी हवा:
पतंग उडवणाऱ्या घरातल्या दिसता. ढील आणि खेच, दोन्ही शब्द तयार आहेत. वापरा.

कातळवेडा:
आम्ही 'लूज' आणि 'टाईट' म्हणतो.

जुनी वही:
तेच तर दुःख आहे. बरं, 'टप्पा' म्हणजे तुमचं चढाईतलं पिच का, एका दोराइतकी चढाई? क्रिकेटमध्ये पिचवर चेंडूचा टप्पा पडतो, म्हणजे दोन्ही शब्द एकाच खेळपट्टीवर सापडले! आणि शीर्षकात 'क्लासिक रूट'? 'अभिजात वाट' करा. २०२४च्या ऑक्टोबरपासून आपली भाषाही अभिजात आहे.

खडूस काका:
अभिजात वाट म्हटलं की वाटेला अनुदान मिळेल असं वाटतं. 'नावाजलेली वाट' करा.

कातळवेडा:
तुमचं 'उन्हाळ्यातली चढाई' हे शीर्षकच इकडच्या माणसाला खटकेल. मेमध्ये सह्याद्रीचा काळा बसाल्ट हाताला चटके देतो. आम्ही थंडीत चढतो.

आल्प्सवारी:
तिथे सकाळी सावलीत बोटं बधिर होती. खडक तांबूस, 'नाइस' जातीच्या दगडाचा, खरखरीत. संध्याकाळी फोन उघडायला बोटाचा ठसाच लागेना.

नवखी:
'सुळका' हा सुळ्यावरून आला का? फ्रेंचांकडेही दात नावाची शिखरं आहेत ना?

खारी हवा:
आहेत, 'दाँ द्यु जेआँ', राक्षसाचा दात. तरी माझ्या मते दोन्ही शब्द शूलावरून, शूल, सूळ, सुळका. 'एग्वी' म्हणजे मात्र सुई.

जुनी वही:
पुरावा?

खारी हवा:
कानाला पटतं.

जुनी वही:
कानाला 'बिले'सुद्धा पटायला लागलंय आता. आणि दोर म्हटल्यावर सिंहगड कोणालाच कसा आठवला नाही? १६७०. 'परतीचे दोर कापले' हा वाक्प्रचार त्याच कथेतला. दोर धरणारा आणि दोर कापणारा, दोन्ही मराठीत आहेत.

कातळवेडा:
त्याआधी यशवंती घोरपड आली. घोरपडीला माणसाचं वजन पेलतं का, यावर माझं स्पष्ट मत आहे.

खडूस काका:
झालं! निघाली घोरपड.

आल्प्सवारी:
अहो, अंक परवा छापायला जातोय. 'दोर धरला' लिहू की 'बिले दिली'?

जुनी वही:
घोरपडीच्या वजनाचं आधी सांगा.