सल्ला हवा: रान खड्यांनी भरलंय आणि रिपोर्ट म्हणतो ‘चिकणमाती’. दोन एकरांत काय लावू?

उदगीरकर
मंडळी, नमस्कार. तेलंगणात संगारेड्डीच्या पलीकडे बायकोच्या वाट्याला माहेरची दोन एकर जमीन आलीय. मी काळ्या रानात वाढलेला, तांबड्या मातीतलं मला ओ की ठो कळत नाही. वाटेकरी तिला ‘चलका’ म्हणतो. वर वीतभर रेताड, खाली विटकरी रंगाची चिकट माती. मुठीत दाबली तर लाडू वळतो, पण प्रत्येक लाडवात चार-पाच गारगोट्या. आमच्याकडं उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, इथं एक नाही. नुसती टणक होते, कुदळ उडते. परवा वळवाचा चांगला पाऊस झाला. पाणी वर साचलं, मग वाहून गेलं. उकरून पाहिलं तर चार बोटांखाली कोरडं ठाक!
रिपोर्ट असा: चिकण कण ४२ टक्के, सामू (पीएच) ६.६, सेंद्रिय कर्ब ०.३८. बोअर उन्हाळ्यात कसाबसा तासभर चालतो. बजेट चाळीस हजार, त्यावर एक रुपया नाही. खडे वेचून घ्यावेत का? तलावातला गाळ टाकावा का? आणि फळझाड कुठलं लावू?

डाळिंबवाला_सांगोला
पाव्हणं, डोळे झाकून भगवा डाळिंब लावा. आमच्याकडं असल्याच मुरमाड रानावर लोकांनी बंगले बांधलेत. आधी शेततळं घ्या, प्लास्टिकचं अस्तर टाका, ओळीला दोन नळ्यांचं (डबल लॅटरल) ठिबक करा. मला सगळं मिळून साडेचार लाख लागले, तिसऱ्या बहाराला फिटले.

उदगीरकर
दादा, चाळीस हजार म्हटलंय हो.

डाळिंबवाला_सांगोला
मग कर्ज काढा. जमीन आहे ना नावावर?

उदगीरकर
बायकोच्या नावावर.

कोरडवाहू_ताई
खडे अजिबात वेचू नका. सासऱ्यांनी दोन उन्हाळे बायका लावून रान ‘साफ’ केलं होतं. बांधावर खड्यांचा ढीग आणि रान कसं तळहातासारखं! येणारा-जाणारा कौतुक करायचा. जूनमध्ये बाजरी पेरली, चौथ्या दिवशी सडकून पाऊस झाला आणि वर कडक ऊन. रानावर पापडासारखी साल धरली. साल उचलून बघितली तर खाली कोंब पिवळे पडून आडवे वाढलेले. दुबार पेरणी करावी लागली. मजुरी गेली, बियाणं गेलं. सासरे अजून म्हणतात, बियाणं बोगस होतं.

रानवेडा
+१. खडे वेचू नका. वर खडे असले की थेंबाचा मार मातीला बसत नाही. मी तर म्हणतो जेसीबी लावून तीन फूट खालचं वर काढा. तासाला काय पडेल ते पडू दे, पण एकदाच खर्च.

कोरडवाहू_ताई
खालचं वर काढलं तर खालचे खडे आणि चिकण दोन्ही वर येईल. होती ती वीतभर बरी मातीही पुरली जाईल. हा सल्ला कृपया कुणी घेऊ नका.

रानवेडा
मी स्वतः केलंय.

कोरडवाहू_ताई
आणि पीक?

रानवेडा
ते वर्ष दुष्काळाचं होतं.

हैदराबादी_मराठी
तुमच्या वाटेवरच पाटणचेरूला इक्रिसॅट ही शेती संशोधन संस्था आहे. १९७२ पासून कोरडवाहू पिकांवर काम करतात. गंमत म्हणजे तिथल्या एकाच आवारात काळी आणि तांबडी अशा दोन्ही जमिनी आहेत. तांबडीला मृदाशास्त्रात ‘पाटणचेरू’ हेच नाव आहे. खडेमिश्रित चिकण, म्हणजे तुमचीच. तिथं सरासरी पाऊस ८०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सांगोल्यापेक्षा बराच जास्त. पण तो ठरावीक दिवसांत धो धो येतो आणि बराचसा वाहून जातो.
अवांतर: झहीराबादकडून येताना कुणी हुरडा देतं का? दोन वर्षं शोधतोय.

बीडचा_भाऊ
हुरड्याला परळीकडं या. विषयावर: गाळ टाका. आम्ही ‘गाळयुक्त शिवार’ या सरकारी योजनेतून टाकला, तेलंगणातही २०१५ पासून मिशन काकतीय योजनेत तळी उपसली, गाळ शेतात गेला. फक्त माझ्यासारखा आगाऊपणा करू नका. फुकट मिळतोय म्हणून मी एका पट्ट्यात फूटभर थर दिला आणि मिसळायचं राहून गेलं. पावसाळ्यात तो पट्टा म्हणजे म्हशींचं डबकं. दोन-तीन इंच पुरे, आणि लगेच कुळवून मिसळा.

सहज_सुचलं
पण रिपोर्टात ४२ टक्के चिकण आधीच आहे ना? मग वर अजून चिकट गाळ कशाला? वाळू टाका.

माती_परीक्षक_निवृत्त
वाळू नको. आणि त्या ४२ वर जाऊ नका. मी तीस वर्षं हेच नमुने चाळले. प्रयोगशाळेत माती वाळवून, ढेकळं फोडून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात. वर राहिलेले खडे टाकून देतात आणि पुढच्या सगळ्या तपासण्या फक्त खाली पडलेल्या मातीच्या. म्हणजे ४२ टक्के हा चाळलेल्या मातीचा आकडा आहे, तुमच्या रानाचा नव्हे. हेक्टरी किलोमध्ये लिहिलेलं स्फुरद-पालाशही तसंच. नांगरटीचा सगळा थर बारीक मातीचाच आहे असं धरून ते काढतात. निम्मे खडे असतील तर तेही निम्मंच समजा.
घरीच करून बघा. दोन फूट खड्डा घ्या, मधल्या थराची १० किलो माती उन्हात वाळवा, ढेकळं लाकडी दांडक्यानं फोडा (खडे फोडायचे नाहीत), चाळा आणि दोन्हींचं वजन करा.
आता चिकण आणि खडे एकत्र कसे, तर तिथला खडक ग्रॅनाइटच्या जातीचा. त्यातलं फेल्डस्पार झिजून चिकण झालं. क्वार्ट्झ झिजत नाही, ते गारगोटी होऊन राहिलं. चिकण पावसाबरोबर हळूहळू खाली उतरलं, म्हणून वर रेताड आणि खाली चिकट. ही चिकण काळ्या मातीसारखी फुगत नाही, म्हणून भेगाही नाहीत.

डाळिंबवाला_सांगोला
काका, मुरूम म्हणजे मुरूम. उगाच फोड करून सांगू नका.

माती_परीक्षक_निवृत्त
नाही हो. तुमचा मुरूम काळ्या पाषाणाचा, कुजलेला. नखानं भुगा होतो, थोडं पाणी धरतो, मुळी आत शिरते. गारगोटी थेंबभर पाणी धरत नाही. तिनं अडवलेली जागा पिकाला वाया.

डाळिंबवाला_सांगोला
तीस वर्षं चाळणी हलवली म्हणून डाळिंब कळत नाही.

कोरडवाहू_ताई
डाळिंबावर तेल्या रोग आला तेव्हा तुम्हीच इथं धागा काढला होता ना दादा?

डाळिंबवाला_सांगोला
तो हवामानाचा दोष. मातीचा नाही.

रानवेडा
खडे वेचू नका, हे मी वर लिहिलंच आहे.

सीताफळप्रेमी
एवढी चर्चा कशाला? सीताफळ! ‘बालानगर’ जातीचं गावच तुमच्या त्या राज्यातलं, जुन्या महबूबनगर जिल्ह्यातलं. माळावर, दगडात येतं, शेळीसुद्धा पानाला तोंड लावत नाही. चाळीस हजारांत रोपं, खड्डे सगळं बसेल.

बीडचा_भाऊ
सीताफळाला +१. बीडच्या डोंगरात कुणी लावायला गेलं होतं?

हैदराबादी_मराठी
मीही सीताफळच म्हणेन.

वाफसा
उशिरा आलो. झाडाचं काहीही ठरवा, पण काळ्या रानाची सवय सोडा. तिकडं पाऊस उघडला तरी रब्बी ज्वारी ओलीवर निघते. इथं साठा थोडा, दहा-बारा दिवस उघडीप पडली की मका मान टाकतो. वाफसाही (मशागत-पेरणीजोगी ओल) फार थोडा वेळ टिकतो. आज चिखल, चार दिवसांनी विटा, मधे काय कराल ते. बैल किंवा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या भरवशावर असेल तर हंगाम गेलाच. पेरणी उताराला आडवी करा. पेरल्यावर साल धरली तर बाभळीची फांदी हलक्या हातानं फिरवा. आणि खड्यांचं एक राहिलं: वर मोकळे पडलेले खडे चांगले. सालीत रुतून बसलेले उलट पाणी पळवतात, फरशीसारखे.

उदगीरकर
सगळ्यांचे आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे केलं. १० किलोंत खडे भरले साडेपाच किलो! म्हणजे साडेचार किलो मातीतलं ४२ टक्के, एकूण वजनाच्या जेमतेम १९ टक्के. आता कळलं, ‘भारी चिकण’ रानात पाणी का ठरत नाही. तीन महिने मी त्या कागदावर भरवसा ठेवून बसलो होतो.
निर्णय असा झाला. खडे वेचत नाही. पावणेदोन एकरांत वाटेकरी तूर आणि बाजरी करेल. सीताफळ मलाही पटलं होतं. पण जमीन सौभाग्यवतींची आणि त्यांना हवाय केसर आंबा. तळाच्या बांधालगत, जिथं वरचं पाणी उतरून येतं, तिथं बारा कलमं. मी सीताफळ म्हणून बघितलं. पण तोवर मेहुण्यानं आंब्याची कलमं आणूनसुद्धा ठेवली होती. गाळ सगळ्या रानात नाही, फक्त खड्ड्यांत भरणार आहे.

सीताफळप्रेमी
बाराला बारा मरतील. लिहून ठेवा.

माती_परीक्षक_निवृत्त
मरतीलच असं नाही, पण खड्डे नुसत्या गाळानं भरू नका. बाजूच्या भिंती चिकण आणि टणक, त्यात गाळ म्हणजे बादलीत झाड लावल्यासारखं. पावसात पाणी तुंबेल, मुळी कुजेल. पहारीनं भिंती खरवडा, त्याच खड्ड्यातली खडेवाली माती दोन भाग, गाळ एक भाग आणि शेणखत. बुंध्याशी मातीचा उंचवटा ठेवा. पहिले दोन उन्हाळे पाणी थोडं पण वरचेवर, एकदम भरपूर नको. ही माती साठवून ठेवत नाही.

उदगीरकर
बरं झालं विचारलं, उद्याच नुसता गाळ भरणार होतो.

डाळिंबवाला_सांगोला
कलमं केवढ्याला पडली? आमच्या धाकट्याच्या डोक्यातही आंब्याचं खूळ शिरलंय.