पाच लेटरचे इंग्रजी शब्द, क्यू आहे पण पुढे यू नाही. कुणाला सुचतात का?

कोथरूडची_आई:
मुलगा सहावीत आहे, इंग्लिश मीडियम. टीचरने होमवर्क दिलाय की पाच लेटरचे दहा शब्द आणा ज्यात क्यू आहे पण क्यूला चिकटून पुढे यू नाही, आणि प्रत्येकाचा अर्थपण लिहायचा. सोमवारी द्यायचंय आणि कालपासून अख्खं घर याच्यामागे लागलंय. पोराने पाच मिनिटांत कतार आणि इराकी लिहून टाकलं, दोन्हीचं स्पेलिंग बरोब्बर पाच लेटरचं, मी खूश, मग त्यालाच दिसलं की वहीत खाली लिहिलंय विशेषनामं चालणार नाहीत. मग कीबोर्डवालं क्वर्टी आठवलं, मोजलं तर सहा. सासूबाई रोजचं शब्दकोडं पेनाने सोडवतात (पेन्सिल म्हणे भित्र्यांसाठी), त्या म्हणाल्या अगं पाच अक्षरी म्हणजे केवढा लांब शब्द, त्यांना हे पटवायला अर्धा तास गेला की इंग्रजीतली पाच अक्षरं आपल्याकडे दोन-तीन घरांत बसतात. नेटवर याद्या आहेत पण अर्थ नाहीत आणि निम्मे शब्द कुठल्या ग्रहावरचे आहेत देव जाणे. पोराला कळतील असे सांगा ना प्लीज.

दहा_मार्कांचा_क्यू:
ताई, हा तर आम्हा स्क्रॅबलवाल्यांचा, म्हणजे सोंगट्यांवरची इंग्रजी अक्षरं जुळवून शब्द लावायचा खेळ खेळणाऱ्यांचा, जुना आजार. इंग्रजी सेटमध्ये शंभर सोंगट्या, त्यात क्यू एकच, दहा पॉइंटचा, आणि यू फक्त चार. चारही यू बोर्डावर लागून गेले आणि क्यू तुमच्या हातात राहिला की घाम फुटतो, म्हणून असे शब्द लोक पाढ्यासारखे पाठ करतात.
तुमचे निम्मे तर घरातच आहेत. बुरखा, बी यू आर क्यू ए. निकाब, एन आय क्यू ए बी. तलाक टी ए एल ए क्यू, फकीर एफ ए क्यू आय आर. किब्ला, क्यू आय बी एल ए, म्हणजे नमाजाची दिशा, मक्केतल्या काबाकडची. कोर्मा, हो तोच जेवणातला, क्यू ओ आर एम ए असाही लिहितात. कापिक, क्यू ए पी आय के, हे अझरबैजानचं चिल्लर नाणं, शंभर कापिकचा एक मानात. ट्रँक, टी आर ए एन क्यू, ट्रँक्विलायझरचं, म्हणजे शांत करणाऱ्या औषधाचं, बोलण्यातलं छोटं रूप. उमियाक, यू एम आय ए क्यू, एस्किमो लोकांची कातड्याची उघडी होडी. आणि कनात. झाले दहा.
एक सावध करतो. फकीर, कोर्मा आणि उमियाक बहुतेक डिक्शनऱ्यांत के लावून असतात, क्यूवालं स्पेलिंग पर्यायी. टीचर कुठली डिक्शनरी प्रमाण मानतात ते आधी विचारा, नाहीतर पोरगं बरोबर असून मार्क जायचे.

कोथरूडची_आई:
अय्या धन्यवाद!! सासूबाई म्हणतायत कनात त्यांना माहितीये, लग्नाच्या मांडवाला कडेने लावतात ते कापड. तेच लिहू ना? आणि बुरख्यात तर यू आहे की हो.

कॅम्पातला:
थांबा, ते लिहू नका. मांडवाची कनात वेगळी. इंग्रजी डिक्शनरीतलं क्यू ए एन ए टी म्हणजे जमिनीखालून पाणी आणायचा बोगदा, इराणकडची पद्धत. उंचावरच्या भूजलापासून हलका उतार देत पाणी गावापर्यंत आणतात, पंप नाही काही नाही, आणि वरून ठरावीक अंतरावर विहिरीसारखी भोकं ठेवतात म्हणजे खाली उतरून गाळ काढता येतो. लांब जायला नको, मलिक अंबरची औरंगाबादची, म्हणजे आताच्या संभाजीनगरची नहर याच जातीची. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारापण. पोराला सांगा, हा एक शब्द तरी पाठ न करता लक्षात राहील.
बुरख्यातला यू क्यूच्या आधी आहे, मध्ये आर आहे, त्यामुळे तुमच्या नियमात बसतो. टीचरने यू कुठेच नको म्हटलं असतं तर बुरखा आणि उमियाक दोन्ही गेले असते. उलट नेटवरच्या यादीत कुर्श दिसेल, क्यू यू आर एस एच, सौदी नाणं, तो चुकूनही घेऊ नका, त्यात यू क्यूला चिकटलेलाच आहे.
आता यातले बरेचसे शब्द एकाच बाजूचे का, तर अरबीत दोन वेगळे क आहेत. एक आपल्यासारखा साधा, काफ, दुसरा घशात खोल मागून काढायचा, काफच म्हणू पण लिहिताना वेगळा. इंग्रजीत उतरवताना साध्याला के दिला आणि खोलवाल्याला क्यू. हिंदीत त्या खोल ‘क’च्या खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देतात, मराठीत नुक्ता नाही म्हणून आपण सगळे एकाच कमध्ये कोंबले, आणि बुरख्यात तर थेट ख करून टाकला. माझी आजी दखनी बोलायची, ती कलम म्हणाली की तो क घशातून यायचा, आम्ही पोरं नक्कल करायला जायचो आणि ठसका लागायचा.

हिंजवडी_नाइटशिफ्ट:
दहा शब्दांसाठी एवढा निबंध. शब्दांची टेक्स्ट फाइल घ्यायची, पाच लेटर आणि क्यूनंतर यू नाही एवढं एका ओळीत ग्रेप करायचं, म्हणजे कॉम्प्युटरला कमांड देऊन शोधायचं, दोन सेकंद.

कॅम्पातला:
अर्थ कोण ग्रेप करणार, तुमचे मॅनेजर?

दहा_मार्कांचा_क्यू:
😂 पण ग्रेपवाल्या दादांची यादी पाहिली तर त्यात काझीचं अनेकवचन निघेल, क्यू ए डी आय एस. स्क्रॅबलला चालतं, शाळेत एस लावून लेटर भरले तर मला तरी ती लबाडी वाटते.
बाकी क्यूला यू चिकटला कसा तेपण मजेशीर आहे. फार जुन्या इंग्रजीत क्वीन सी डब्ल्यूने लिहायचे. 1066 ला नॉर्मन आले, त्यांच्या लेखनिकांनी फ्रेंच-लॅटिनच्या सवयीने तिथे क्यू यू घातला आणि तोच रुळला. म्हणजे राणीच्या नावातला क्यूसुद्धा बाहेरून आलेला, मग आपल्या फकिराने काय घोडं मारलंय.

कोथरूडची_आई:
अपडेट देते, सगळ्यांनी एवढं टाइप केलंत म्हणून. दहापैकी नऊ. कोर्मा कापला, टीचर म्हणाल्या के लाव, डिक्शनरीचं बोलणं झालं होतं पण ऐकतंय कोण. कनातीचा बोगदा पोराने चित्र काढून नेला होता, वर विहिरींची भोकं आणि एका भोकातून डोकं काढलेला माणूस, त्यावर शेरा मिळाला गुड. आता शनिवारी कात्रजचा तलाव बघायचा म्हणतोय, कारण पेशव्यांनी तिथून शनिवारवाड्याकडे पाणी आणलं होतं हे आजीने सांगून ठेवलंय, आणि ती कनात होती की नुसता नळ यावरून दोघांची कालपासून जुंपलीये.
सासूबाईंचा वेगळाच प्रश्न आहे. त्या विचारतायत की क्यू हे जोडाक्षर, मग मराठी कोड्यात एकाच घरात बसणार ना? मी हो म्हटलंय. बरोबर आहे ना?

कॅम्पातला:
एकच घर. पण पेनाने लिहू नका म्हणावं.