गावात प्रश्नावली भरून घेताना लोक सगळ्यालेच "हो" म्हणतात, फॉर्म बाद करू का?

कपाशी_२२: एमए सायकॉलॉजीच्या प्रोजेक्टसाठी बीएफआयची (बिग फाइव्ह इन्व्हेंटरी, स्वभावाचे पाच गुण मोजायची प्रश्नावली) ४४ वाक्यं मराठीत करून यवतमाळकडच्या दोन गावात भरून घेतोय, १ म्हंजे अजिबात पटत नाही, ५ म्हंजे पूर्ण पटते. वाचता येत नाही त्याले वाचून दाखवतो. परवा एका काकाने "मी बोलका आहे" ले ५ देल्ले आन "मी गप्प गप्प असतो" लेही ५! वरून म्हणते, लिहून टाक बाप्पा, तुमच्या सरनं बरोबरच लिहलं असंल. असे लय फॉर्म आहेत. गाईड म्हणतात बाद करा. एक जण तर विचारत होता ह्या फॉर्मवर विहीर भेटते का 😅

वऱ्हाडी_मास्तर: बाद नको करू रे. ४४ पैकी १६ वाक्यं उलटी आहेत ते ह्याच्यासाठीच, त्यांचा आकडा ६ मधून वजा करायचा असते आन दोन्हीकडे हो म्हणणारा तिथंच सापडते. असे सगळे काढून टाकशील तं राह्यले कोण, शिकलेलेच ना. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांना हीच प्रश्नावली तोंडी विचारली होती, २०१३ चा पेपर आहे, तिथं पाच गुण नीट वेगळे निघालेच नाही. गाईडला तो दाखव.

ओट्यावरची: मी सर्व्हेचं काम केलंय म्हणून सांगते, "मी आळशी नाही" असं वाक्य वाचलं की बाई म्हणते "नाही". आता हे पटलं म्हणून नाही की नाही पटलं म्हणून नाही? "नाही" असलेली वाक्यं जमतील तितकी बदला. आकड्याऐवजी आण्यात विचारा, सोळा, बारा, आठ, चार आन काहीच नाही, म्हाताऱ्यांना लगेच समजते, पण मग सगळ्यांनाच तसं विचारा. सासू ओट्यावर बसून असली तं सुनेचा फॉर्म भरूच नका, ती शांत, कामसू, सगळंच निघते. आन वेचणीच्या दिवसात संध्याकाळीच जा.

वऱ्हाडी_मास्तर: विहिरीचं आधीच साफ सांग, योजना नाही, पैसे नाही, मधातच सोडलं तरी चालते. अंगठा घेशील तं साक्षीदार पाह्यजे, पण सरपंच नको, त्याच्यासमोर नाही कोण म्हणंल.

कपाशी_२२: आज आण्यात विचारलं. त्याच काकाकडं गेलो, जुना फॉर्म वेगळा ठेवला. बोलका किती? म्हणे चौदा आणे. म्हटलं काका बारा हाय नाहीतर सोळा. "मंग दोन आणे तू ठेव." आता हे कुठं भरू 🤦